थोडीशी घेतली, साहेब

"हात पुढे."

आमच्या कंपनीत दिवस असा सुरू होतो. हिंगण्याच्या एमआयडीसीतली फरसाणाची कंपनी. शेव, चिवडा, खारी डाळ. माल लोकांच्या तोंडात जाणार, म्हणून शिफ्ट लागायच्या आधी पॅकिंग हॉलच्या दाराशी दोन रांगा लागतात, एक बायांची आणि एक माणसांची. डोक्यावर जाळीची टोपी, अंगात ॲप्रन, दोन्ही हात समोर. सुपरवायझर नखं बघतो, अंगठी बघतो, मनगटातला धागा बघतो, कुठं कापलंय का ते बघतो आणि रजिस्टरवर खूण करतो. शाळेत गुरुजी बघायचे तसंच. फरक एवढाच की मी एक्कावन्न वर्षांचा आहे.

त्या सोमवारी तपासायला साहेब स्वतः आले. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर. वयानं माझ्या मोठ्या पुतण्याएवढे. सगळ्यांना 'तू' म्हणतात, बायांनाही.

माझ्यासमोर येऊन थांबले. माझे हात थरथरत होते. थोडेथोडके नाही, चाळणीतून पीठ चाळावं तसे. मी कोपरं पोटाशी दाबली, तर थरथर खांद्यात चढली.

"तोंड उघड."

उघडलं. साहेबांनी नाक जवळ आणलं आणि हुंगलं. बाजारात बैलाचे दात बघतात, तेव्हा बैलाला काय वाटत असेल हा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता.

"वास तर येत नाही. म्हणजे भारीतली घेतोस."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. हॉलमध्ये मालाच्या हातगाड्यांसाठी जमिनीवर पिवळा पट्टा मारलेला आहे. साहेबांनी त्याकडे बोट केलं. "चल, यावरून चालून दाखव. दारापर्यंत आणि परत."

मी चाललो. डोकं हलकं, पाय कापसाचे. चौथ्याच पावलाला पट्टा डावीकडे आणि मी उजवीकडे. बाया हसल्या. त्यांतल्या निम्म्यांना मी ताई म्हणतो, उरलेल्यांच्या पोरांच्या बारशाला जेवून आलोय. आणि सगळ्यात वाईट काय सांगू, मीही हसलो. दोन्ही हात पसरून, तोल सावरल्याचं सोंग करून चालून दाखवलं. चार लोक आपल्याला हसत असले की आपणही त्यांच्यात मिसळून हसावं, म्हणजे कमी लागतं, अशी माझी जुनी समजूत. लागतं तेवढंच. फक्त घरी गेल्यावर लागतं.

परत आलो तर साहेब म्हणाले, "किती घेतलीस?"

मी जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. चाळीस माणसांसमोर मी हात जोडले आणि म्हणालो, "थोडीशी घेतली, साहेब."

काहून बोललो असं? सांगतो.

खरं उत्तर माझ्या शर्टाच्या खिशात होतं. गोळ्यांची पट्टी. डोक्याची गोळी, आमच्याकडे असंच म्हणतात. दारुड्याला आमच्यात जागा आहे. त्याला लोक शिव्या देतात, उचलून घरी आणून टाकतात, लग्नाची पत्रिकाही देतात, कोपऱ्यात बसवून वाढतात. येड्याला जागा नाही. येड्याच्या घरी लोक पोरगी देत नाहीत आणि त्याच्या हातची मशीन काढून घेतात. साहेबांनी दोन रस्ते दाखवले नव्हते, पण मला दोनच दिसले. मी चांगल्या वस्तीतला निवडला.

आजार वर्षभरापूर्वी सुरू झाला. कारण काही नाही, हीच तर लाज. कोणी मेलं नव्हतं, कोणी पळून गेलं नव्हतं. एका सकाळी कंपनीची बस आली, दार उघडलं, आणि माझा पाय उचललाच गेला नाही. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. बस गेली. मी डबा हातात धरून तिथंच उभा राहिलो. दुपारी बायको शोधत आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि मी त्याच जागी. ती म्हणाली, "अवो, घरी चला." मी म्हणालो, "कोणतं घर?" विनोद केला असं तिला वाटलं. मी विनोद केला नव्हता.

पुढं दोन महिने मी अंथरुणात भिंतीकडे तोंड करून काढले. कमरेचा त्रास, असं नातलगांना सांगितलं. मग बायकोनंच रामदासपेठेतली डॉक्टरीण शोधली. इमारतीत खाली दातांचा डॉक्टर, वर मनाची डॉक्टरीण. कोणी ओळखीचं बघेल म्हणून आम्ही अर्धा तास दातांच्या डॉक्टरकडे बसलो. तिथलाच आमचा नंबर आला तेव्हा उठून वर गेलो. कंपाउंडर मागून ओरडत होता, काका, दात तर दाखवून जा.

डॉक्टरीणबाई चांगल्या. गोळी लिहून दिली. म्हणाल्या, महिनाभरात फरक वाटेल, आधी थोडा त्रास होईल.

फरक वाटला, खोटं कशाला बोलू. सव्वा महिन्यानं मी भिंतीकडून कूस वळवली. मग उठलो, दाढी केली, कामावर गेलो. गोळीनं मला बसमध्ये चढवलं. पण त्याचा टोल फार घेतला. जीभ टाळूला पापडासारखी चिकटायची. पोट चार-चार दिवस साफ नाही. भर थंडीत पाठ घामानं ओली. जांभया अशा की सुपरवायझर म्हणायचा, काका, शेवेत माशी जाईल, तोंड मिटा. उठताना घेरी. एक त्रास असा, की तो डॉक्टरीणबाईंना सांगायला मी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा पोटाबद्दलच बोलून आलो. शेवटी तो बायकोनं सांगितला. मी तेव्हा भिंतीवरचं मेंदूचं चित्र बघत होतो.

आणि रडू येणं बंद झालं. सख्खा साळा गेला. मला मेव्हणा कमी, भाऊ जास्त. सगळे धाय मोकलून रडतायत आणि मी कोरडा ठक्क. लोक बघतायत. डोळ्यांना थुंकी तरी लावावी म्हटलं, तर तोंडातही ओल नाही. तोंडावर उपरणं धरून खांदे हलवले. त्या दिवशी मला गोळीची पहिल्यांदा भीती वाटली. माणूस उभा केला होता तिनं, पण आतला कुठं ठेवला ते सांगत नव्हती.

हाताची थरथर शेवटी आली, डोस वाढवल्यावर. ती मी कोणालाच सांगितली नाही. डॉक्टरीणबाई गोळी बदलतील, मग परत भिंत, परत ते दोन महिने. त्यापेक्षा थरथर परवडली, असा माझा हिशेब. तो हिशेब 'हात पुढे' म्हटल्यावर उघडा पडला.

तर सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये नेऊन माफीनामा लिहून घेतला. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. 'मी दारूच्या नशेत कामावर आलो, पुन्हा असे होणार नाही.' सही करताना पेन कागदावर नाचलं. साहेब म्हणाले, "सहीसुद्धा झिंगलीय तुझी." मी यावरही हसलो.

संध्याकाळी बसमध्ये चढलो तर मागच्या सीटवरून हाक आली. शेषराव. तळणावर कामाला आहे, शनिवारी घेतो आणि रविवारी पस्तावतो. बावीस वर्षं ही मागची मंडळी मला महाराज म्हणायची, मी पीत नाही म्हणून. त्या दिवशी सरकून जागा केली.

"आमच्यात आला गा तू," शेषराव माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "पण सकाळी नाही घेत राजा कोणी. काही नेम असते का नाही."

मंडळी हसली. कोणी तंबाखू-सुपारीचा खर्रा पुढे केला. बावीस वर्षांत माझ्याशी इतक्या मायेनं कोणी बोललं नव्हतं. आणि लिहायला लाज वाटते, पण घरी पोचेपर्यंत मला बरं वाटलं.

ते बरं वाटणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकलं. साहेबांनी गेटवर नळीचं यंत्र आणून ठेवलं. फुंकायचं. रांगेतून मला एकट्याला बाहेर काढायचे. मी फुंकायचो, यंत्र शून्य दाखवायचं. मंगळवारी शून्य. बुधवारी शून्य. हात मात्र थरथरतच. साहेबांना यंत्राचा राग आला की माझा, कोण जाणे. म्हणाले, मग गांजा असेल. पुढच्या सोमवारपर्यंत हात सरळ दिसले नाहीत तर गेटपास जमा कर.

तेव्हा मी ती चूक केली, जी माझ्यासारखाच माणूस करू शकतो. गोळी बंद केली. कोणाला न विचारता, एकदम. रोज सकाळी बायकोसमोर गोळी तोंडात टाकायचो, पाणी प्यायचो आणि मोरीत जाऊन थुंकायचो. हात सरळ झाले की परत सुरू करू. नळाचा कॉक फिरवावा तसं ते मला वाटलं होतं.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी मान वळवली आणि डोक्यात वीज चमकली. खरोखरची. उघड्या वायरला बोट लागावं तशी, कवटीच्या आतून. मग डोळा फिरवला की झटका, पायरी उतरलो की झटका. पोटात ढवळायचं. कारण नसताना माणसांचा राग यायचा. आणि इतके महिने न आलेलं रडू आलं, कुठं तर माझ्या पात्याच्या पॅकिंग मशीनवर. चिवड्याची पाकिटं समोरून सरकतायत आणि माझ्या नाकाडोळ्यांतून धार. मिरचीचा खकाणा, म्हणून सांगितलं. कोणी शंका घेतली नाही. दारुडे रडतातच.

चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी घरी कोणी नव्हतं आणि मला माझ्यासोबत एकटं राहायची भीती वाटली. याहून जास्त लिहीत नाही. शेजारच्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्यांच्या म्हातारीनं मला वाटाण्याच्या शेंगा सोलायला दिल्या. अंधार पडेपर्यंत सोलत होतो. एकच विचार डोक्यात गरगरत होता. आपलं काही झालं तर लोक काय म्हणतील? पिऊन गेला, म्हणतील. कागद आहे त्यांच्याकडे. माझ्या सहीचा.

सोमवार आला. हात पुढे. पहिल्यापेक्षा जास्त थरथरत होते. वर घाम आणि तोंडाचा रंग उडालेला.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आमच्या कंपनीत एक पद्धत आहे. दारूवरून दुसऱ्यांदा सापडलेल्या माणसाच्या बायकोला बोलावतात आणि कागदावर तिची सही घेतात, की मी नवऱ्याला सांभाळीन. शेषरावच्या बायकोनं केलीय, आणखी दोघींनी केलीय. यंत्र काहीही दाखवो, माझ्या माफीनाम्यात दारूच लिहिलेली होती. साहेब म्हणाले, "परवा बायकोला घेऊन ये. ती सांभाळणार असेल तर ठेवतो."

म्हणजे आता घरी सांगणं आलं.

ती साडीला फॉल लावत बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पिवळा पट्टा, माफीनामा, मोरीत थुंकलेल्या गोळ्या. गोळ्यांवरून ती चिडेल, असं धरून चाललो होतो. तिनं सुई फॉलात टोचून ठेवली. मग बोलली, हळू आवाजात.

"माहा बाप पिऊन पिऊन मेला. कळमेश्वरच्या बाजारात नालीतून काढाले मी जात होती, नऊ वर्साची. तुमच्या घरात आली तं काय पाहून आली मी? रूप? का पगार? एकच पाह्यलं, हा मानूस पीत नाही. चोवीस वर्सं तेवढ्यावर मान वर करून चालली. ते एकच होतं माह्यापाशी. ते तुम्ही त्या साहेबाले देऊन आले."

मी म्हणालो, येडा म्हटलं असतं वं त्यांनी मले.

"मंग म्हनू द्यायचं होतं. येड्याची बायको म्हनून मी राह्यली असती. राहूनच राह्यली ना वर्सभर? कोनाले सांगतलं का मी?"

मी तिच्याकडे बघितलं. वर्षभर ती मला सांभाळत होती, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी आपला माझ्या लाजेवर पांघरूण घालत बसलो होतो. त्या पांघरुणासाठी तिच्या अंगावरची साडी ओढली, हे मला दिसलं नव्हतं. लाज आजाराची कधी नव्हतीच. साहेब काय म्हणेल याची होती. कोण हा साहेब? माझं तोंड हुंगणारा. माझ्या घरात काय राहील आणि काय जाईल, हे त्यानं एका सोमवारी ठरवलं, आणि मी हात जोडून होकार दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही रामदासपेठेत गेलो. सरळ वर. डॉक्टरीणबाई रागावल्या आणि मग त्यांनी समजावलं. ही गोळी कधीच एकदम तोडायची नसते, पायरीपायरीनं उतरवायची असते, तीही डॉक्टरला विचारून. तो विजेचा झटका त्यामुळेच. थरथर आधी सांगितली असती तर तेव्हाच डोस कमी केला असता. त्यांनी कमी डोसवर गोळी परत सुरू केली आणि आठ दिवसांनी बोलावलं. थरथर कधी थांबेल ते नक्की सांगता येत नाही, म्हणाल्या. मी कंपनीसाठी चिठ्ठी मागितली. त्यांनी लिहून दिली, की या माणसाचे नैराश्यावर उपचार चालू आहेत, हाताची थरथर औषधामुळे आहे, हात थांबेपर्यंत पात्याच्या मशीनऐवजी दुसरं काम द्यावं. ते बरोबरच होतं. त्या हातांनी मशीनवर उभं राहणं मलाही पटत नव्हतं. पण कोणी नीट विचारलं असतं, तर मीच सांगितलं असतं.

बुधवारी साहेबांच्या केबिनमध्ये बायकोला खुर्ची मिळाली. मी उभा. कागद तयार होता. 'माझे पती दारूचे व्यसनी असून' अशी सुरुवात. साहेबांनी तिच्यासमोर पेन ठेवलं.

"वहिनी, समजूतदार दिसता. करा सही, सांभाळा याला."

तिनं पेनाला हात लावला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. आता बोलायचं ते मीच, हे तिनं ठरवून टाकलं होतं.

मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. जीभ टाळूला चिकटलेली. आवाज फाटका निघाला, पण निघाला.

"मी दारू पीत नाही, साहेब. त्या दिवशी मी खोटं बोललो. मले मनाचा आजार आहे. हात गोळीनं हलते."

साहेबांनी चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. आणि खुर्ची मागे घेतली. वीतभर. बावीस वर्षं मी या माणसांच्या टेबलासमोर उभा राहतोय, माझ्यापासून कोणी कधी मागे सरकलं नव्हतं. दारुडा होतो तेव्हा नाक लावून तोंड हुंगत होते.

मग ते अगदी गोड बोलले. चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "हे मी पाहिलं नाही असं समज. दारूच्या कागदावर दोघं सह्या करा, पंधरा दिवस घरी बस, मग परत कामावर घेतो. हा कागद वर गेला तर अशा माणसाला कोणी ठेवणार नाही. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

खरं सांगतो, मी डगमगलो. खोट्याला नोकरी होती. खऱ्याला काही नव्हतं. पोरीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. पन्नाशी पार केलेल्या थरथरत्या माणसाला या एमआयडीसीत दुसरं दार कोण उघडणार? हात पेनाकडे गेलाही. चार बोटांचं अंतर उरलं असेल.

मी पेन उचललं आणि त्या कागदावर आडवी रेघ मारली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाकडीतिकडी आली. मग साहेबांना म्हणालो, "मागचा माफीनामाही मले परत पाहिजे. तो खोटा आहे."

साहेबांनी बेल वाजवली. माझा गेटपास जमा झाला. आम्ही गेटबाहेर आलो. बायको रडली नाही, मला शाबासही म्हणाली नाही. ऑटो मिळेपर्यंत आम्ही उन्हात उभे होतो.

याला पाच आठवडे झाले. नोकरी गेली असं कोणी सांगत नाही, ये असंही कोणी म्हणत नाही. शेषराव रस्त्यात भेटला तर गाडीचा वेग वाढवतो. गल्लीत बातमी पोचली आहे. शेंगा सोलायला देणारी म्हातारी आता ओट्यावर दिसत नाही. थरथर कमी आहे, गेली नाही. काही सकाळी भिंत परत बोलावते. तेव्हा मी उठून बसतो, गोळी घेतो, घोट गिळल्यावर बायकोला तोंड उघडून दाखवतो. तिनं मागितलं नव्हतं. मीच दाखवतो.

कंपनीला मी अर्ज दिला आहे. माझ्या हातानं लिहिलेला, अक्षर कोंबडीच्या पायाचं. एक प्रत पोचेची सही घेऊन माझ्याकडे आहे. त्यात लिहिलंय, दारूचा माफीनामा माझ्या फाइलमधून काढा. मला लेबलं लावायला बसवा, पेट्या मोजायला बसवा, पण कामावर घ्या. आणि घ्यायचं नसेल तर तसं लिहून द्या. कारणासकट. 'हा माणूस मनाच्या आजाराचं औषध घेतो, म्हणून याला काढलं', हे वाक्य मला कंपनीच्या शिक्क्यानिशी पाहिजे. ते तुम्ही लिहायला घाबरता, हे मला ठाऊक आहे. ते घेऊन कामगार आयुक्तांच्या कचेरीत कोणत्या टेबलावर जायचं, तेही विचारून आलो आहे.

नोकरी काढून घ्या. पण दारुडा म्हणून मी या कंपनीतून जाणार नाही. ज्या दिवशी जाईन, त्या दिवशी खरं कारण तुमच्या हातानं लिहून घेऊन जाईन.